फाल्गुनरावांचे आजोळ

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन फाल्गुनात येतो, हे मला नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. संक्रांतीची हळदीकुंकवे आटोपलेली असतात, आणि सोलापूरचे ऊन चटका देऊ लागले असले तरी दुपारी घराबाहेर पडणे अजून अशक्य झालेले नसते. यंदा स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला, "इतिहासावर लिहा, पण सनावळ्यांचा रतीब नको. फाल्गुनाला शोभेल असे काही लिहा." सनावळ्या पुऱ्या टाळता येणार नाहीत. पण फाल्गुनाला शोभेल असा गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे 'संशयकल्लोळ' नाटकातले आपले फाल्गुनराव. त्यांचे आजोळ थेट आयर्लंडात आहे, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. प्रेमकथा मराठीत कशी आली आणि तिला आपल्या घरात जागा मिळायला किती वर्षे लागली, याचा इतिहास या आजोळाच्या वाटेने फार चांगला दिसतो.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. तिथे वसंत लवकर मानतात. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिड या साध्वीचा दिवस असतो, आणि लोकसमजुतीप्रमाणे वसंत त्याच दिवशी सुरू होतो. या साध्वीच्या नावाने तिथे २०२३ पासून सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली. पुढे १७ मार्चला संत पॅट्रिकचा मोठा उत्सव. आपल्या पंचांगाने पाहिले तर तो बहुतेक वर्षी फाल्गुनातच पडतो, म्हणजे आपल्याकडे होळी-रंगपंचमीची धामधूम असते तेव्हा. या दोघांविषयी एक गमतीची दंतकथा आहे. ब्रिजिडने पॅट्रिकपाशी गाऱ्हाणे केले की, मागणी घालण्याचा हक्क काय तो पुरुषांना, बायकांनी नुसते वाट पाहत बसायचे. मग घासाघीस होऊन असे ठरले की, दर चार वर्षांनी येणाऱ्या लीप वर्षात बाईनेही पुरुषाला मागणी घालावी. दंतकथाच ती, तिला पुरावा मागू नये. पण 'मागणी कोणी घालायची' हा प्रश्न ध्यानात ठेवावा, कारण पुढे तोच पुन्हा पुन्हा आडवा येणार आहे.

आता फाल्गुनरावांकडे वळू. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक १८९३ साली लिहिले. पुढे त्यालाच पदांचा साज चढवून 'संगीत संशयकल्लोळ' झाले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले, आणि त्याच वर्षी देवल गेले. कथानक आपल्याला पाठ आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतात, आणि नेमके तेवढेच त्यांची पत्नी कृत्तिका लांबून पाहते. रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर पडते ती कृत्तिकेला सापडते, आणि बायको परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळते आहे हे नेमके फाल्गुनराव पाहतात. तिथून जो घोळ सुरू होतो तो शेवटच्या पडद्यापर्यंत.

हे सारे कथानक आर्थर मर्फी या नाटककाराच्या 'ऑल इन द राँग' या प्रहसनातून आले. ते १७६१ च्या जूनमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात प्रथम झाले. मर्फीचा जन्म १७२७ सालचा, आयर्लंडातल्या रॉस्कॉमन परगण्यातला. (हे परगण्याचे नाव विसरू नका, ते पुन्हा येणार आहे.) वडील डब्लिनचे व्यापारी, ते समुद्रप्रवासात बुडून गेले तेव्हा हा दोन वर्षांचाही नव्हता. तेव्हा आयर्लंडात इंग्रजांचा अंमल होता आणि कॅथलिकांना आपल्या धर्माच्या शाळा उघडायला कायद्याने बंदी होती. म्हणून आर्थरला शिकायला फ्रान्समध्ये पाठवले. तिथे तो नाव बदलून राहिला. पुढे लंडनला येऊन त्याने नट, पत्रकार, बॅरिस्टर आणि नाटककार असे चार धंदे केले. फ्रान्समध्ये शिकल्याचा फायदा असा झाला की, फ्रेंच नाटककार मोलियेरचे १६६० सालचे एक छोटे प्रहसन त्याने उचलले आणि त्याचा ऐसपैस इंग्रजी संसार मांडला. म्हणजे फाल्गुनरावांचे आजोळ आयर्लंड, तर पणजोळ फ्रान्स!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मर्फीच्या नाटकात आयर्लंडचे नावनिशाण नाही. सगळी माणसे लंडनच्या बागेत हिंडतात. पोट भरायला लंडनला गेलेल्या माणसाने लंडनचेच लिहिले. ज्याच्या गावात सत्ता परक्याची, त्याला परक्याच्या भाषेत हसवून जेवावे लागते. पण घराबाहेर वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली भांडणे बारकाईने दिसतात, असे मला तरी ते नाटक वाचताना वाटले.

देवलांनी मात्र त्याला पुरते आपले करून टाकले. इंग्रजी नाटकात सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस आहेत, म्हणजे नावातच अस्वस्थपणा. देवलांनी नावे घेतली ती पंचांगातून: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पुरुष महिन्यांचे आणि बायका नक्षत्रांच्या. एकदा पंचांग उघडून बघा. रेवती हे सत्ताविसावे नक्षत्र आणि अश्विनी हे पहिले. चक्र पुरे झाले की रेवती आणि अश्विनी एकमेकांच्या शेजारी येतात. उलट कृत्तिकांचा महिना कार्तिक. फाल्गुनाशी त्यांची गाठ चार महिने लांबची. अश्विनशेट-रेवतीचे जुळते आणि फाल्गुनराव-कृत्तिकेचे जन्मभर बिनसलेले राहते, ते उगाच नाही!

नावे बदलणे सोपे होते. अवघड काम पुढेच होते. मर्फीची नायिका बेलिंडा ही चांगल्या घरची, वयात आलेली, अविवाहित मुलगी. तिचे एका तरुणावर प्रेम आहे, वडिलांना दुसरा जावई हवा आहे. ती त्या तरुणावर रागावते, रुसते, त्याला जाब विचारते. लंडनच्या प्रेक्षकाला यात नवल नव्हते. पण १८९३ च्या पुण्या-सांगलीत, किंवा आपल्या सोलापुरात, अशी मुलगी आणायची कुठून? आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न होत होते. १८९१ साली सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा केली, तर तेवढ्यावरून मराठी मुलखात केवढे वादळ उठले. जिथे बाराव्या वर्षी मुलगी सासरी नांदत असे, तिथे ती अश्विनशेटवर रुसणार केव्हा?

म्हणून देवलांनी बेलिंडाची रेवती केली, ती मघा नायकिणीची मुलगी. नायकिणीच्या घरी मुलगी वयात येईतो लग्नावाचून राहू शकत होती, गाणे शिकू शकत होती, परपुरुषाशी चार शब्द बोलू शकत होती. गृहस्थाच्या घरात ही मोकळीक नव्हती. देवलांना याचा पाठ संस्कृतातून मिळालेला होताच. 'मृच्छकटिक' त्यांनी आधीच मराठीत आणले होते, आणि त्यातली वसंतसेनाही गणिकाच. कामदेवाच्या मंदिराच्या उद्यानात ती चारुदत्ताला पाहते आणि आपण होऊन त्याच्यावर प्रेम करते. म्हणजे हजारो मैलांवरून आलेली प्रेमकथा काय, किंवा दीड हजार वर्षांपूर्वीची आपली स्वतःची काय, तिला उतरायला जागा मिळाली ती एकाच घरात. आपल्या आज्या-पणज्यांच्या माजघरात तिला थारा नव्हता.

हे मी आज शहाणपणाने सांगते आहे असे नाही. मराठी कादंबरीच्या पहिल्या पिढीने हे स्वतःच सांगून ठेवले आहे. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली आली. राजपुत्र, राजकन्या, विमाने, विरह आणि पुनर्मीलन असा सगळा अद्भुतरम्य मामला. लोकांनी ती आवडीने वाचली. रिसबुडांनी तिच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने म्हटले आहे की, आपल्या लोकांतल्या विवाहाच्या आणि इतर चालीच अशा आहेत की, आपल्या रोजच्या जगण्यावर लिहू गेले तर त्यात मन वेधून घेण्यासारखे काही सापडत नाही, म्हणून कल्पित गोष्टी घ्याव्या लागतात. पुढच्या टीकाकारांनी या कादंबऱ्यांना पोरकट म्हणून हिणवले. मला ते अन्यायाचे वाटते. घरातल्या मुलीला 'हो' किंवा 'नाही' म्हणायची सोय नसेल, तर लेखकाने विमानात बसून जायचे नाही तर काय करायचे?

माझ्या आजीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. 'संशयकल्लोळ' तिने सोलापुरातच पाहिले होते, आणि रेवतीच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांविषयी ती म्हातारपणीही डोळे मिटून बोलत असे. त्यांचा शालू, त्यांची चाल, मान वळवण्याची ढब सगळे तिला आठवे. गणपतराव बोडसांच्या फाल्गुनरावांची नक्कलही ती झकास करी. एकदा शेंगा फोडताना मी तिला विचारले, "आजी, तुला त्या नाटकात सगळ्यात काय आवडलं?" मला वाटले, ती एखादे पद म्हणून दाखवील. ती म्हणाली, "तिला लग्नाआधी रागावता आलं गं." पुढे काही न बोलता ती शेंगा फोडत राहिली. आजोबा भले होते, तिने त्यांच्याविषयी कधी वावगा शब्द काढला नाही. पण रागावायचे ते सगळे तिचे लग्नानंतरचे. आणि ज्या रेवतीचा तिला हेवा वाटला, ती रंगभूमीवर पुरुष होता. घरंदाज बाईने तिथे उभे राहणे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

देवलांच्या हाती आयरिश माल पहिल्यांदा लागला तो याच्याही आधी. त्यांचे पहिले नाटक 'दुर्गा', १८८६ सालचे. त्याचे मूळ 'इझाबेला' हे नाटक थॉमस सदर्न याचे. सदर्न डब्लिनचा, तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला. हा गृहस्थही लंडनला जाऊन नावारूपाला आला. त्याच्या १६९४ च्या नाटकाला पुढे गॅरिक या नटाने काटछाट करून नवे रूप दिले, तेच मराठीत आले. आणि सदर्नने ते घेतले कुठून, तर आफ्रा बेन या बाईच्या एका प्रणयकथेतून! इंग्लंडात लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ही एक. तिच्या कथेतली इझाबेला व्रत मोडून प्रेमविवाह करते. नवरा लढाईत मेल्याची बातमी येते, वर्षे जातात, ती दुसरे लग्न करते, आणि मग पहिला नवरा दारात उभा राहतो. सदर्नने या गोष्टीत निर्दय सासरा आणि खरी बातमी दडवून ठेवणारा दीर घातला. मराठी प्रेक्षकाला सासरा आणि दीर समजावून सांगावे लागले नसतील. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण तीस वर्षांनीही तो कागदावरच होता. अशा वेळी पुनर्विवाह केलेल्या बाईचे दुःख रंगभूमीवर आणणे हे धाडसच. एका इंग्रज बाईची कथा आयरिश माणसाच्या हातून फिरून दोनशे वर्षांनी आपल्याकडे आली, तेव्हा तिला ओळखायला आपल्या वाड्यांतून बायका बसलेल्याच होत्या.

आता त्या रॉस्कॉमन परगण्याकडे पुन्हा वळू या. मर्फीनंतर दीडशे वर्षांनी, १८७८ साली, त्याच परगण्यातल्या बॉइल गावी मार्गारेट कझिन्स यांचा जन्म झाला. डब्लिनमध्ये बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी त्यांनी १९०८ साली संघटना उभारली. त्या चळवळीत त्या तुरुंगातही गेल्या. १९१५ साली त्या नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात आल्या आणि इथल्याच झाल्या. १९१७ साली मद्रासला भारतीय महिला संघ स्थापन झाला त्यात त्या होत्या. मग १९२६ साली त्यांनी देशभरच्या बायकांना हाक दिली की, मुलींच्या शिक्षणाविषयी बायकांनी एकत्र बसून आपले म्हणणे ठरवावे. ती पहिली अखिल भारतीय महिला परिषद भरली १९२७ च्या जानेवारीत, आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. आज गल्लोगल्ली जी महिला मंडळे दिसतात, त्यांच्या मोठ्या बहिणींपैकी ही एक परिषद.

शिक्षणाचे बोलायला जमलेल्या बायका दुसऱ्याच दिवसापासून कुठे अडल्या असतील, हे सांगायला नको. मुलीचे लग्न दहाव्या वर्षी झाले तर ती शाळेत जाणार कशी? तेव्हा शिक्षणापाठोपाठ बालविवाहाचा प्रश्न परिषदेने हाती घेतला. हरविलास सारडा यांच्या विधेयकासाठी या बायकांनी सभा घेतल्या, निवेदने दिली, दिल्लीपर्यंत धडका मारल्या. १९२९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला. मुलीचे वय किमान १४, मुलाचे १८. कायदा पाळला गेला थोडा आणि मोडला गेला फार, हे खरे. ती मर्यादा मुलींसाठी १९४९ साली १५ झाली आणि १९७८ साली १८. तरीही मला ही जुळणी विलक्षण वाटते. रॉस्कॉमनच्या एका माणसाने आपल्याला प्रेमकथा दिली, पण ती नांदवायला आपल्या घरात मुलगी नव्हती. ती मुलगी घरात चार वर्षे अधिक राहावी म्हणून जे झगडले, त्यांच्यात रॉस्कॉमनचीच एक बाई होती. अर्थात श्रेय तिचे एकटीचे नाही. आपल्याकडे जोतिबा-सावित्रीबाईंपासून रखमाबाई-रमाबाईंपर्यंत किती जणांनी ते ओझे वाहिले होते.

मग मराठी प्रेमकथेत घरातली मुलगी आली का? आली, आणि आपल्या पायांनी आली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने निघाले. शिकलेल्या, वय वाढलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते, ते त्यात इतके उघड लिहिले होते की, ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्रभर शोध सुरू झाला. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली, नवऱ्यापासून दूर असलेल्या स्त्रीने पुन्हा प्रेम करावे की नाही हा प्रश्न घेऊन. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे.

आणि या मालतीबाईंचे आपल्या गावाशी नाते आहे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांनी काही काळ अधिकारी म्हणून काम केले. आजही आपण तो भाग सेटलमेंट म्हणूनच ओळखतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवीत. हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी घ्यायची. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. मालतीबाईंनी तिथे पाहिले ते 'बळी' या कादंबरीत उतरले, ती १९५० साली प्रसिद्ध झाली. ती प्रेमकथा म्हणून कुणी वाचायला घेणार नाही, आणि घेऊही नये. पण पांढरपेशा घरातल्या मुलीचे निःश्वास लिहिणारी बाई इथे येऊन कुंपणाआडच्या बायकांविषयी लिहू लागली, याचा आपल्या गावाला अभिमान वाटायला हरकत नाही. मंडळाच्या कपाटात 'बळी'ची एक प्रत असावी, अशी माझी चिटणीसबाईंना सूचना आहे.

आयर्लंडहून येणारी वाट पुढेही वाहती राहिली. शिरवाडकरांचे 'दूरचे दिवे' हे ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून १९४६ साली आले, आणि वाइल्ड डब्लिनचाच. डब्लिनचाच बर्नार्ड शॉ. त्याच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केले, तो प्रयोग १९७५ साली आला. भक्ती बर्व्यांची मंजुळा ज्यांनी पाहिली, त्यांना त्याविषयी अधिक काय सांगावे? तोवर नायिकेला नायकिणीच्या घरी जन्म घेण्याची गरज उरली नव्हती. ती फुले विकून स्वतः कमावत होती. शॉच्या मूळ नाटकाची हकीगत मात्र सांगण्यासारखी आहे. १९१४ साली लंडनला प्रयोग झाला तेव्हा प्रोफेसरचे काम करणाऱ्या नटाने शेवटी नायिकेकडे फुलांचा गुच्छ फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेक्षकांनी समजावे की आता यांचे लग्न. शॉ भडकला. १९१६ साली त्याने नाटकाला एक पुरवणीच जोडली आणि त्यात स्पष्ट लिहिले की, ही मुलगी त्या प्रोफेसरशी लग्न करत नाही. ती तिला आवडलेल्या साध्या मुलाशी लग्न करते, फुलांचे दुकान काढते, आणि दुकान तोट्यात जाऊ लागल्यावर दोघे हिशेब शिकायला वर्गाला जातात. आपल्या मंडळाच्या शेंगाचटणी विभागात ज्यांनी पहिल्या दोन वर्षांचे जमाखर्च लिहिले, त्यांना ही पुरवणी फार आवडेल.

यंदा रंगपंचमीच्या दुपारी, रंग खेळून आणि न्हाऊन झाल्यावर, मंडळाच्या खोलीत 'संशयकल्लोळ'चा पहिला अंक वाचायचे ठरले आहे. रेवतीसाठी एक आणि अश्विनशेटसाठी दोन नावे आली आहेत. कृत्तिकेसाठी मात्र पाच जणींनी नावे दिली असून, कुणीच माघार घ्यायला तयार नाही. फाल्गुनराव अजून मिळायचे आहेत. ज्यांना नवऱ्याची नक्कल चांगली साधते, त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव नोंदवावे.